भिडस्तांचा नकाशा

नंदकिशोर काका पाच महिन्यांत तिसऱ्यांदा वॉर्डात आले, तेव्हा महानंदाला आधी त्यांचा रागच आला. पाय पुन्हा सुजून खांबासारखे झालेले, दोन वाक्यं बोलली की धाप, आणि चेहऱ्यावर मात्र चुकून दुसऱ्याच्या पंगतीत बसल्यासारखा ओशाळा भाव. "सिस्टर, परत तुम्हाला त्रास," ते म्हणाले. सासष्ट वर्षांचा, विमान कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनीअर माणूस, जिवावर बेतलंय आणि माफी मागतोय नर्सची! महानंदाचा राग तिथंच विरघळला.

महानंदा निपाणीकडची. बारा वर्षांपूर्वी बेंगळुरूला आली आणि आता इंदिरानगरजवळच्या या हॉस्पिटलात हार्ट फेल्युअरच्या पेशंटांची सगळी जुळवाजुळव तिच्याकडे होती. ज्यांचं हृदय थकलंय त्यांना घरी फोन करायचा, आज वजन किती भरलं, गोळ्या घेतल्या का, पायावर सूज आहे का, हे विचारायचं. कन्नडमधून, मराठीतून, हिंदीतून, आणि गरज पडली तर दटावून. नंदकिशोर काकांना कधी दटावावं लागलं नव्हतं. ते रोजचं वजन वहीत लिहायचे आणि फोनची वाट बघत बसायचे.

म्हणूनच कोडं पडलं होतं. मुख्य हृदयतज्ज्ञ डॉ. पवित्रा तिला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन कन्नडमध्ये म्हणाल्या, "पाण्याची गोळी मी दोनदा वाढवली. तरी अंगात पाणी भरतंच आहे. आता किडनीपण कुरकुरायला लागली. महानंदा, हे हृदय चौथ्यांदा ही कसरत करणार नाही. घरी काय खातात ते शोध."

आता घरी काय खातात म्हटलं की आपल्याकडे खापर कुणावर फुटतं, हे सांगायला नको. काकांची बायको वीणाकाकू बिचाऱ्या पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. "अहो, लोणच्याची बरणी मी माळ्यावर टाकलीय. पापड बंद. भाजीत मीठ नाही म्हणून मीसुद्धा तसलंच बेचव जेवते. आणखी काय करू?" महानंदाला त्यांची दया आली आणि त्यांच्यावर विश्वासही बसला.

त्याच दुपारी क्षितिज आला. क्षितिज पुण्याचा, वय अठ्ठावीस, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत आकड्यांचं काम करणारा. हॉस्पिटलनं त्याला चारशे पेशंटांचे दोन वर्षांचे कागद दिले होते आणि विचारलं होतं की माणसं बरी होऊन घरी जातात ती परत का येतात. रिंगरोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालून झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला.

"सिंपल आहे, महानंदाताई. प्रत्येक पेशंटभोवती जे कोणी आहेत, म्हणजे डॉक्टर, फार्मसी, फिजिओ, तुम्ही, ते सगळे ठिपके. दोन ठिपके त्या पेशंटबद्दल एकमेकांशी बोलत असतील तर मधे रेघ. जिथे रेघा तुटलेल्या, तिथे पेशंट परत ॲडमिट होतो. एकदम क्लीन रिझल्ट आहे."

महानंदाला ते पटलं. बारा वर्षं ती दुसरं काय करत होती? एका डॉक्टरचं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. तिच्या धावपळीला पहिल्यांदाच कुणीतरी चित्रात बसवलं होतं, आणि तिला बरं वाटलं.

"फक्त ही तेवीस माणसं घोळ करतायत," क्षितिज म्हणाला. "यांचा नकाशा परफेक्ट आहे. एक डॉक्टर, एक फार्मसी, एक तुम्ही. सगळे जोडलेले. थिअरीप्रमाणे यांनी घरी ठणठणीत असायला हवं. आणि हेच सगळ्यात जास्त परत येतात. मी यांना रिपोर्टमधून काढून टाकतो."

"काढून टाकलं तर?"

"तर काही नाही. नवीन सिस्टममध्ये यांना फोन जाणार नाहीत. सिस्टम म्हणेल, यांचं सगळं ओके आहे, यांच्यावर वेळ नका घालवू."

महानंदानं ती यादी पुढ्यात ओढली. नंदकिशोर काका चौथ्या नंबरवर होते. खालची नावं वाचता वाचता तिला एकेक चेहरा आठवू लागला. हे आजोबा, शीर सापडत नव्हती तर "माझीच शीर बारीक आहे हो" म्हणून तिला सॉरी म्हणणारे. ही कमलाआज्जी, वॉर्डातून जाताना स्वतःच्या पलंगाची चादर घडी करून ठेवणारी. एकजात सगळी भिडस्त माणसं. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून स्वतःचा हात मोडून घेतील, अशी. भीड भिकेची बहीण असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ऐकून पुन्हा भीड बाळगतो.

"क्षितिज, हे ठिपके तुम्हाला मिळाले कुठनं?"

"आपल्याच फॉर्ममधून. त्यात विचारलंय ना, अन्य कोणत्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत?"

"मग यांनी काय लिहिलंय?"

"निल. तेवीसच्या तेवीस जणांनी निल."

"साठी उलटलेल्या माणसाला जगात एकच डॉक्टर असतोय होय?" महानंदा म्हणाली. "तुमच्या आईंना हा फॉर्म दिला तर त्या काय लिहितील?"

क्षितिज हसला आणि मग हसता हसता थांबला. त्याची आई कोथरूडला एका होमिओपॅथकडे सहा वर्षं जात होती आणि फॅमिली डॉक्टरांना त्याचा पत्ता नव्हता. "निल लिहील," तो म्हणाला. यादी तीन दिवस तशीच ठेवायचं त्यानं कबूल केलं.

पण महानंदाच्या मनाला खरी टोचणी वेगळीच लागली होती. मागच्या खेपेला काकांना घरी सोडताना वीणाकाकू पिशवीत काहीतरी शोधत होत्या आणि एक गोळ्यांची पट्टी खाली पडली होती. "ही कसली?" तिनं विचारलं होतं. "काही नाही, गुडघ्याची, कधीतरी," म्हणत काकूंनी ती झटकन उचलली होती. त्यांचा चेहरा असा पडला होता, आणि दारात डॉ. पवित्रा उभ्या, की महानंदानं पुढं विचारलंच नाही. चारचौघांत बाईला कशाला अवघडवायचं, असं तिला वाटलं होतं. म्हणजे त्या यादीतलं चोविसावं नाव तिचं स्वतःचंच होतं.

ती काकांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसली. दुसरे डॉक्टर कोण, असं विचारलं तर उत्तर येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं वेगळंच विचारलं.

"काका, तुम्ही आमच्या हॉस्पिटलात येता हे कळलं, तर कुणाला वाईट वाटंल?"

वीणाकाकू टॉवेलाची घडी घालत होत्या. त्यांचे हात थांबले. काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"व्यंकोजी डॉक्टरांना," ते म्हणाले.

मग हळूहळू, धापा टाकत, सगळं बाहेर आलं. डॉ. व्यंकोजी म्हणजे इथल्याच जुन्या मराठी घराण्यातले, न्यू तिप्पसंद्राच्या बाजारात त्यांचा दवाखाना. काका पंचविशीत नोकरीला इथं आले तेव्हा खोलीवर टायफॉइडनं पडले होते. ना भाषा येत होती, ना कुणी ओळखीचं. चौदा दिवस डॉक्टरांच्या घरून तांदळाच्या पेजेचा डबा यायचा. पुढे लग्न झालं, मुलगी ईरा झाली, तिच्या गोवर-कांजिण्या झाल्या, सगळं त्याच दवाखान्यात. गेल्या वर्षी व्हाइटफील्डला नोकरी करणाऱ्या ईरानं हट्टानं मोठी तपासणी करायला लावली आणि तिथं हृदयाचं निघालं. ती परस्पर इथं घेऊन आली.

"आता त्यांना कसं सांगू, की चाळीस वर्षं तुम्ही नाडी धरलीत आणि शेवटी मी दुसरीकडे गेलो? तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणून मी जायचाच थांबलो. ही जाऊन गुडघ्याच्या गोळ्या घेऊन येते. त्यांना वाटतं सगळं पहिल्यासारखं आहे."

"दिवसाला किती घेता?"

"दोन. फार दुखलं तर तीन."

"आणि पवित्रा मॅडमना का नाही सांगितलं?"

"बाहेरच्या डॉक्टरचं औषध घेतो म्हटलं, तर त्यांना अपमान वाटला असता ना."

महानंदानं काकूंकडून पट्टी मागून घेतली आणि नाव वाचलं. असली दुखण्यावरची गोळी रोज घेतली तर अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते, किडनीला जाच करते. हृदय थकलेल्या माणसाला ती वर्ज्य. पाच महिने इकडं डॉ. पवित्रा टाकी उपसत होत्या आणि तिकडं नळ चालू होता. दोन्ही डॉक्टर चांगले, दोघांचं औषध आपापल्या जागी बरोबर, आणि मधे हा सज्जन माणूस मरायला टेकलेला.

"काकू, ही पट्टी मी मागल्या खेपेला बघितली हुती," ती म्हणाली. "तवाच विचारायला पायजे हुतं. माझं चुकलं. तुमचं लोणचं उगाच बदनाम झालं."

वीणाकाकू हसल्या आणि मग रडल्या.

"आजपासून गोळी बंद," काका घाईघाईनं म्हणाले. "पण त्यांना फोन करू नका."

"हो, मी आणत राहीन, यांना देणार नाही," काकू म्हणाल्या. "आणायचं थांबवलं तर त्यांना संशय येईल."

आता याला काय म्हणावं! महानंदाला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. गोळ्या घरात आल्या की महिन्याभरात गुडघा दुखणार आणि एक गोळी पोटात जाणार, हे तिला उघड दिसत होतं.

"काका, तुम्ही नको म्हणलासा तर मी फोन करणार न्हाई," ती म्हणाली. "पण एक ऐका. चौथी खेप झाली आणि तुमचं काही बरंवाईट झालं, तर ते तुमच्या दारात येतीलच की. सगळं त्यांना तवा कळंल. आपण दिलेल्या गोळीनं गेला, हे. त्याचं त्यांना वाईट वाटणार न्हाई होय?"

काकांनी डोळे मिटले. मग त्यांनी एक नंबर सांगितला, तोंडपाठ, एकही आकडा न अडखळता.

फोनवर डॉ. व्यंकोजींनी काकांचं आणि त्या तेवीस जणांच्या यादीचं सगळं ऐकून घेतलं, "सरी, येतो," एवढंच म्हणाले आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते रिक्षातून उतरले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, हातात काठी. ते दारातून येताना दिसताच नंदकिशोर काकांनी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि झोपेचं सोंग घेतलं.

डॉक्टर पायाशी बसले, चादर सरकवली आणि अंगठ्यानं पाऊल दाबून धरलं. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. त्या खड्ड्याकडे ते बघत राहिले.

"सात महिने पाय बघितला नाही मी ह्याचा," ते म्हणाले. "वीणा यायची, तेच द्या म्हणायची, मी द्यायचो. तो का येत नाही, हे विचारलं नाही. चूक माझी आहे." मग पलंगाकडे वळून, "नंदू, झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. ऊठ."

काका उठले. काय बोलले ते नीट कुणालाच कळलं नाही, कारण त्यांनी डॉक्टरांचा हात तोंडाशी धरला होता. वीणाकाकू खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात डॉ. पवित्रा आल्या. महानंदानं ओळख करून दिली, तशी त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. दोघं कन्नडमध्ये बोलू लागले. गुडघ्याला कोणतं औषध चालेल, लावायला काय, व्यायाम कुठला, वजन किती वाढलं की कुणी कुणाला फोन करायचा. सगळं मिळून चार मिनिटं लागली. पाच महिने हा माणूस या चार मिनिटांसाठी आत-बाहेर करत होता.

निघताना डॉ. व्यंकोजींनी तिला खुणेनं बोलावलं. "स्वल्प, जरा इकडे ये अक्का. तू काल कसली यादी म्हणत होतीस? माझे आणखी अकरा जण इथे येतात."

"तुम्हाला ठाऊक हाय?"

"तुमच्या पार्किंगची चिठ्ठी खिशात ठेवून माझ्यासमोर बसतात. मी काय आंधळा आहे? वाटायचं, विचारलं तर बिचाऱ्यांची पंचाईत होईल. तपासणीला जात असतील, जाऊ देत." ते बाकावर बसले. "लिहून घे. नावं सांगतो, मी काय देतो तेही सांगतो. तुम्ही काय देता ते तू बघ."

महानंदा लिहीत गेली. अकरापैकी नऊ नावं क्षितिजच्या तेवीस जणांतली निघाली.

"एक कर," डॉक्टर काठीवर हात ठेवून म्हणाले, "मी सांगितलं असं त्यांना बोलू नको. ओशाळतील."

कालपर्यंतची महानंदा असती तर हो म्हणाली असती. "न्हाई डॉक्टर," ती म्हणाली. "तुमचं नाव घेऊनच सांगणार. आणि फोन आत्ताच लावते, तुमच्यासमोर."

तिनं पहिल्या नावाचा नंबर लावला. दोनदा वाजल्यावर पलीकडून म्हातारा आवाज आला.

"कमलाआज्जी, मी हॉस्पिटलातनं महानंदा. माझ्या शेजारी व्यंकोजी डॉक्टर बसलेत."

आज्जींच्या घरातला कुकर तेवढा ऐकू येत होता. मग त्यांनी अगदी हळू, शाळेतल्या पोरीसारखं विचारलं, "रागावलेत का गं ते?"

महानंदानं फोन डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरला. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि घसा खाकरला.

"कमला," ते म्हणाले, "पाय सुजलेत का गं तुझे?"