कोरी

मित्रांनो, मी लातूरच्या एका लहानशा माती-परीक्षण प्रयोगशाळेतली जुनी काचेची बाटली. इथे आले तेव्हा माती तपासणाऱ्या फारूकभाईंनी माझ्या मानेवर लाल रंगाने लिहिले, ‘कोरी’. त्या दिवसापासून माझ्या पोटात कधी माती पडली नाही. माझ्या बहिणींना शेताशेतांची माती आणि वर औषधाचे पाणी मिळे; मला नुसतेच औषधाचे पाणी. मातीत स्फुरद, म्हणजे पिकाचे एक अन्न, असले की बहिणींचे पाणी निळे होई. जितके स्फुरद, तितके निळे. माझे मात्र नितळच राहायला हवे. ते चुकून निळसर झालेच, तर पाण्यात नाहीतर भांड्यात खोट आहे असे समजून फारूकभाई सगळे ओतून देत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

“ही कोरी राहिली तरच बाकीच्यांचं खरं,” ते म्हणत. रिकाम्या पोटी एवढा मान मिळाल्यावर मी जरा शेफारलेच होते.

एकदा महानंदाबाई आल्या. भूकंपात त्यांचे घर पडले, त्यात लेक गेली, पुनम. गाव उठून दुसरीकडे वसले. जुन्या जागी पुनमने लावलेले सीताफळाचे झाड तेवढे उरले होते. बाई नव्या गावाहून चालत जाऊन त्याला पाणी घालत. आता त्याची पाने पिवळी पडत होती.

“लेकराच्या हातचं हाय ओ, फारूकभाई,” मातीची पिशवी पुढे करत त्या म्हणाल्या. “काय पाहिजे त्याला, तेवढं सांगा. मी घालते.”

“आक्का, मी भाचीच्या लग्नाला देगलूरला निघून राहिलो. पंचाक्षरी सर करून देतील.”

पंचाक्षरी सर नवे, रसायनशास्त्र शिकलेले, मनाने चांगले. पण लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि सर त्यातल्या दोन ठिकाणी शिकवत. मुलांना दाखवायला त्यांना खताचे पाणी करायचे होते. फडताळात मी दिसले. कोरे कापड, तशी कोरी बाटली, म्हणजे न वापरलेली, असा त्यांनी अर्थ घेतला. माझ्यात खत विरघळवले आणि नंतर नळाखाली घाईने विसळून ठेवले.

दुसऱ्या दिवशी बाईंची माती तपासायला घेतली. कॉलेजात शिकलेला ‘ब्लँक’, म्हणजे तुलनेसाठी ठेवायचे बिनमातीचे पाणी, सरांना ठाऊक होता, पण ब्लँक म्हणजेच ‘कोरी’ हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ब्लँकसाठी हाताशी असलेली रिकामी बाटली त्यांनी उचलली. नेमकी मीच.

माझे पाणी निळे झाले. मला ओरडता आले असते तर! “पाण्यातलंच असेल काही,” सर पुटपुटले आणि माझ्या निळ्यालाच शून्य धरून त्यांनी रंग मोजायचे यंत्र लावले. माझ्यातले खत बाईंच्या मातीतून वजा झाले. स्फुरदाने भरलेली माती कागदावर उपाशी ठरली.

उपाशी म्हटल्यावर आईचा हात कशाला आखडेल? बाईंनी ओंजळी भरभरून खत घातले. मुळे करपली आणि झाड उभ्या उभ्या वाळले.

वाळकी फांदी घेऊन त्या परत आल्या. फारूकभाईंनी आधी मला तपासले. माझ्यातले औषधाचे पाणी अजूनही निळसर होत होते. मग कोरी म्हणून दुसरी स्वच्छ बाटली लावून बाईंची माती तपासली, तर पाणी गडद निळे. त्यांनी काहीच लपवले नाही.

“झाडाला खायला कमी नव्हतंच, आक्का. पानं दुसऱ्याच कशानं पिवळी पडत होती. आमचं चुकलं.”

सर मान खाली घालून उभे होते. बाईंनी वाळकी फांदी टेबलावर ठेवली.

“म्हंजे लेकरू पोटभर होतं,” त्या हळूच म्हणाल्या, “आन् मीच भरवून राहिले?”

मित्रांनो, त्या वेळी मी फुटले असते तर बरे झाले असते. रिकामे दिसले म्हणून कुठल्या भांड्यात काही ओतू नका, आधी विचारा. आणि नितळ राहायचे ते निळे झाले, तर तुमची घाई जरा थांबवा. कुणाचे तरी झाड तुमच्या हातात असते.

जाताना बाईंनी पिशवीत उरलेली माती मागून घेतली. ती मूठभरच होती. पदराच्या टोकाला तिची गाठ मारून त्या एसटी स्टँडकडे निघाल्या.