थांबणारी कुत्री

मित्रांनो, एका कानाचे टोक तुटलेली, साखळीला बांधलेली ही म्हातारी कुत्री म्हणजे मी. त्या कानामुळेच माझे नाव सिउत पडले. आमच्याकडे कानाला सिउत म्हणतात. ग्रीनलँडच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे नकाशाचा कागदच संपत येतो, तिथे आमची वस्ती आहे. चाळीसेक घरे, एक दुकान, एक लहानसे चर्च आणि माणसांच्या तिप्पट कुत्रे. माझा सगळा जन्म इथेच गेला. आता सांगायला फार वेळ उरलेला नाही, म्हणून सांगून टाकते.

उन्हाळ्यात सूर्य मावळायचा बंद झाला होता, त्या दिवसांत मी जन्मले. आम्ही पाच भावंडे. पिल्लांना आमच्याकडे कुणी बांधत नाही, त्यामुळे पहिले काही महिने सगळी वस्ती आमची होती. एक भाऊ बांधलेल्या मोठ्या कुत्र्यांच्या घोळक्यात शिरला आणि परत आला नाही. त्याच्यामागे मीही शिरले होते. मी परत आले, कानाचे टोक तिथेच राहिले. माझा मालक इनुतेक शिकारी. त्याची बायको तुकुमेक दारात बसून सीलचे कातडे खरवडत असे आणि मी तिच्या पायाशी जाऊन बसत असे.

"पुन्हा आलीस?" ती चरबीचा तुकडा फेकून म्हणायची. "पोट आहे की खाडी?"

पहिला बर्फ धरला तेव्हा माझ्या गळ्यात पट्टा आला. इनुतेकने मला स्लेजला जुंपले, ते माझ्या आईच्या शेजारी. आई आघाडीची कुत्री होती. ती मला काही शिकवत बसली नाही. ती जिथे पाय टाकायची तिथे मी टाकायचे, ती थांबली की मी तिच्यावर आदळायचे आणि चावा खायचे. असे दोन हिवाळे गेले. काळपट, घामेजलेला बर्फ म्हणजे कोवळा. पांढरा आणि पावलाखाली कोरडा वाजणारा म्हणजे जुना. पोकळ वाजला, तर खाली पाण्याची ओढ आहे. हे सगळे माझ्या पंजांत उतरले. मला वाटले, एवढे आले म्हणजे जन्माला पुरेल. लहानपणी सगळ्यांनाच असे वाटत असावे.

आईनंतर मी आघाडीला आले. त्याच हिवाळ्यात एकदा मी भर धावेत थांबले. मागच्या कुत्र्यांचे दोर एकमेकांत गुंतले. इनुतेकचा चाबूक माझ्या कानाजवळ वाजला, तरी मी हलले नाही. मग तो उतरला आणि पहार घेऊन माझ्यापुढे चालत गेला. पहिल्याच घावाला पहार आरपार गेली आणि भोकातून पाणी वर आले. त्याने दोर सोडवले, स्लेज वळवली.

घरी आल्यावर तो तुकुमेकला म्हणाला, "आज हिनं तुझा नवरा परत आणला."

"मग तिला जास्त वाढ," ती म्हणाली. "तिनं मला सांभाळलं, तेवढं तू कधी सांभाळलंयस?"

आमच्याकडे कुत्र्यांना कुणी कुरवाळत बसत नाही. त्या दिवशी मला वॉलरसच्या मांसाचा चामड्यासकट मोठा तुकडा मिळाला. माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणाल, तर ते तेवढेच. पण ते मला पुरले होते.

पुढे हळूहळू बर्फ उशिरा येऊ लागला. दर हिवाळ्यात सूर्य चार महिन्यांसाठी निघून जायचा, त्याच्या आधी खाडी पांढरी झालेली असायची. आता सूर्य जायचा आणि खाडी तशीच काळी, हलती. आम्ही साखळीवर बसून तिच्याकडे बघायचो. माणसे खिडकीतून बघायची.

त्या साली सूर्य नुकताच परत दिसू लागला होता. इनुतेक आणि त्याचा धाकटा भाऊ कावीगाक दोन स्लेज घेऊन, बर्फाला भोक पाडून मासे धरायला निघाले. कावीगाक हसरा माणूस होता. त्याच्या कुत्र्यांनासुद्धा त्याचा धाक नव्हता. खाडीच्या मध्यावर मी थांबले. पुढचा बर्फ दिसायला पांढरा होता, वर बारीक हिम पसरले होते. पण पंजाखाली काहीतरी बरोबर वाजत नव्हते.

"दादा, तुझी आघाडी म्हातारी झाली," कावीगाक मागून म्हणाला. "मागच्या आठवड्यात मी इथूनच गेलो होतो."

"थांब. पहार मारून बघू."

"तू मार पहार. तोवर माझे गळ पाण्यात पडलेले असतील."

इनुतेक पहार काढेपर्यंत कावीगाक आम्हाला वळसा घालून पुढे गेला. जाताना त्याने हात हलवला. बर्फ मोडल्याचा मोठा आवाजसुद्धा झाला नाही. मी पाहिले तेव्हा स्लेजचे मागचे टोक तेवढे वर होते, मग तेही नव्हते. इनुतेक पोटावर सरपटत कडेपर्यंत गेला, त्याने दोर टाकला, हाका मारल्या. तीन कुत्रे वर ओढले. कावीगाक आला नाही.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर सगळ्यांनी माझे ऐकले असेल. तसे झाले नाही, आणि त्यात लोकांची चूकही नव्हती. त्यानंतर मी सगळीकडेच थांबू लागले. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर थांबे, जुन्या रोजच्या वाटेवर थांबे. इनुतेक पहार मारी. कधी ती आरपार जाई, कधी खणखणीत वाजे. मी थांबले तिथून दुसरे लोक पार गेले आणि मासे भरून परत आले. दुकानापाशी मला नाव पडले, थांबणारी. "इनुतेक, आज थांबणारी कुठवर गेली? दुकानापर्यंत तरी?" असे विचारत. तो सामान उचलून घरची वाट धरी.

मित्रांनो, खरे सांगते, मलाच कळेनासे झाले होते. जो बर्फ आईने माझ्या पंजांत उतरवला, तो बर्फच उरला नव्हता. पांढरा दिसे आणि खालून पाण्याने खाल्लेला असे. माझे शिकणे खोटे नव्हते, पण ते ज्या जागेचे होते ती जागा गेली होती. आणि कुत्रीला दुसरे काही शिकायला दुसरे बालपण मिळत नाही.

इनुतेकने माझ्यावर पुन्हा चाबूक उगारला नाही. मी थांबले की तो स्लेज वळवी. त्यामुळे घरात मांस येईना. आम्हाला दर तिसऱ्या दिवशी खायला मिळू लागले. अखेर दक्षिणेकडच्या शहरात त्याला मासळीच्या कारखान्यात काम मिळाले. आमच्या जातीच्या कुत्र्यांना तिकडे न्यायची परवानगी नाही. दोन तरणे कुत्रे शेजाऱ्यांनी नेले. बाकीचे कुणालाच नको होते, कारण त्यांना तरी कोण खायला घालणार? इनुतेकने दोन सकाळींत सात जणांना एकेक करून टेकाडामागे नेले. दर वेळी एकच आवाज येई आणि तो रिकामी साखळी घेऊन परत येई.

काल दुपारी तो माझ्याकडे आला. बंदूक नव्हती. त्याने माझी साखळी काढली आणि म्हणाला, "जा."

मी गेले नाही. पिल्लूपणानंतर मी कधी मोकळी नव्हते. तेवढ्यात तुकुमेक बाहेर आली.

"हे काय चालवलंयस?"

"सोडतोय तिला."

"सुटं कुत्रं दिसलं की पाविया गोळी घालतो. वस्तीनं त्याला त्यासाठीच नेमलंय."

"माहीत आहे."

"मग? तुझ्या हाताला जड, म्हणून त्याच्या हातात देतोस?"

तो माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला.

"कावीगाकनं हिचं ऐकलं असतं तर..." तो म्हणाला. मग म्हणाला, "मीच कुठं ऐकलं? हिच्यावर विश्वास होता, तर मी त्याची स्लेज धरायला हवी होती. मी पहार शोधत बसलो."

"ते मला ठाऊक आहे," तुकुमेक हळूच म्हणाली. "इतके दिवस तू बोलत नव्हतास, म्हणून मीही बोलले नाही. पण हिला परक्याच्या हाती देऊ नकोस."

त्याने साखळी पुन्हा अडकवली. "उद्या सकाळी," तो म्हणाला. तुकुमेकने घरात उरलेले सीलचे मांस आणून माझ्यापुढे टाकले. मला सगळे कळत होते, तरी मी ते शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ले. मला भूक होती.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणणार नाही. वाचवून मला ठेवाल कुठे? बर्फ परत आणा असेही म्हणणार नाही. एका कुत्रीच्या सांगण्याने ते व्हायचे नाही. मागते ते एवढेच, की ज्याच्याकडून जन्मभर काम करून घेतले, त्याचा शेवट परक्यावर सोपवून दार लावून आत बसू नका. हाताला जड वाटले, तरी स्वतः या.

उजाडले आहे. त्यांचे दार उघडले. इनुतेक एकटाच येईल असे मला वाटले होते, पण त्याच्या मागून तुकुमेकही येते आहे.