पेन्कोची रंगखोली

"घेऊन जा ते," पेन्को खुर्चीतूनच म्हणाला. "शहरात दे कुणाला तरी. इथलं दुकान बंद झालं."

वेलिनने दोन्ही सायलेन्सर पुन्हा काखोटीला मारले. साइडकार जोडलेल्या त्याच्या जुन्या गाडीचे ते लांबलचक सायलेन्सर हिवाळ्यात गंजले होते आणि रंगाच्या खपल्या निघाल्या होत्या. वसंत आला की सेव्हलिएवो गावाच्या चौकात मोटरसायकलवाल्यांचा मेळावा भरे, पाद्री गाड्यांवर तीर्थ शिंपडत फिरे आणि वेलिनची गाडी पहिल्या रांगेत उभी असे. तिच्या सायलेन्सरचा मखमलीसारखा काळा रंग पेन्कोच्या हातचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"खाली ठेव," नेवेना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हातात अर्धवट सोललेला कांदा तसाच होता.

दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"मी करते."

"तू?" पेन्को हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. मग डोळे पुसत तो म्हणाला, "कपबश्या आहेत होय या? काठाला सोनेरी रेघ ओढली की झालं?"

चिनीमातीच्या कारखान्यात कपबश्यांच्या काठावर रेघा ओढण्यात नेवेनाची उमेदीची वर्षं सरली होती. कारखान्याला टाळं लागल्यावर ती थोरल्या भावाच्या घरी राहायला आली. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. तो मागच्या अंगणातल्या रंगखोलीत सायलेन्सर रंगवी, ती रांधी, आलेल्या गिऱ्हाइकाला कॉफी करून देई. त्या हिवाळ्यात पेन्कोच्या फुप्फुसांनी दगा दिला. स्प्रे गनला हात लावायचा नाही, रंगखोलीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून तो रंगखोलीच्या बंद खिडकीसमोर खुर्ची टाकून बसायचा. ताटातलं अर्धं टाकायचा. दाढीसुद्धा करीनासा झाला होता.

"मी अजून मेलेलो नाही, नेवे," तो म्हणाला.

"म्हणून तर आत्ता शिकते. तू मेल्यावर कुणाला विचारू?"

वेलिनने सायलेन्सर हळूच जमिनीवर ठेवले आणि कुणाच्याही नजरेला नजर न देता तो फाटकाबाहेर पडला.

दुसऱ्या दिवसापासून नेवेना कामाला लागली. तारेच्या ब्रशने घासघासून तिने गंज उतरवला. खालचा पत्रा राखाडी चमकायला लागला तेव्हा तो थिनरने पुसून घेतला. हे सगळं तिने कॉफी देता देता कितीदा तरी पाहिलं होतं. तोंडाला मास्क बांधून तिने रंगाचे हात दिले. विस्तवाइतक्या उष्णतेतही न सोलवटणारा रंग तो, पण भट्टीत भाजून निघेपर्यंत साध्या नखानेही निघणारा. काचेपलीकडे पेन्को बसून होता. त्याने हूं की चूं केलं नाही.

भट्टी गार झाल्यावर तिने दार उघडलं आणि तिथेच थबकली.

पहिल्या सायलेन्सरच्या मधोमध रंगाला फोड आले होते. चार फोड ओळीने आणि एक बाजूला. तिने आपला पंजा वर धरून पाहिला. तंतोतंत बसला. थिनरने पुसून झाल्यावर आकड्याला अडकवताना तिने तो उघड्या हाताने धरला होता. बोटांचा तेलकटपणा पत्र्याला लागला आणि रंगाने तिथे धरच घेतली नाही.

सायलेन्सर उचलून ती अंगणात आली.

"हे काय आहे, दादा?"

"तुझा हात आहे."

"मी हा धरला तेव्हा तू खिडकीत होतास."

"होतो."

"बघितलंस?"

पेन्को बुटांकडे बघत राहिला. "बघितलं."

"काचेवर एक टकटक करायची होतीस."

पेन्को म्हणाला, "केली असती तर तुला जमलं असतं."

नेवेनाने सायलेन्सर खाली ठेवला.

"तुला जमलं असतं, मग मी काय करू? कोंबड्या राखू?"

खूप काही बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. हिवाळाभर त्याच्या उशाशी काढलेल्या रात्री, इस्पितळाच्या खेपा. पण त्याची खुरटी पांढरी दाढी, मांडीवर निपचित पडलेले ते जाडजूड हात, एवढंच तिला दिसलं. ती आत गेली आणि घेवड्याच्या आमटीचा वाडगा आणून तिने त्याच्यापुढे आपटला.

"जेव. सगळं संपव. मला हा रंग पुन्हा पत्र्यापर्यंत खरवडायचाय. तुझे रुसवे काढायला वेळ नाही."

संध्याकाळी वेलिनचा फोन आला. "ताई, राहू दे गं. मी शहरात एकाशी बोललोय. उगाच तुम्हा दोघांत..."

"मेळाव्याच्या सकाळी ये," नेवेना म्हणाली. "त्याआधी फाटकाशी दिसलास तर झारा घेऊन बाहेर येईन."

खरवडणं घासण्यापेक्षा वाईट. भाजलेला रंग सुटता सुटेना. बोटांची सालटी निघाली, रात्री कूस बदलताना खांदा ठणके. तरी सकाळी कॉफी घेतली की ती पुन्हा रंगखोलीत शिरे. पत्रा स्वच्छ झाल्यावर तिने कारखान्यातले पांढरे सुती हातमोजे शोधून काढले आणि ते घालूनच सायलेन्सर पुन्हा आकड्याला टांगला.

पहिला हात सुरू केला आणि काच वाजली.

पेन्कोला धाप लागली असं वाटून ती गर्रकन वळली. तो खुर्चीतून उठून खिडकीच्या चौकटीला धरून उभा होता. दुसऱ्या हाताने तो तिला मागे सरकायची खूण करत होता. मागे, अजून मागे. ती गन घेऊन पावलभर मागे झाली. त्याने पंजा हवेत आडवा फिरवला. भरभर, थांबू नको. तिने हात भरभर फिरवला. रंग धुक्यासारखा पत्र्यावर बसत गेला. चार पावलं चालून दमणारा पेन्को तो हात पुरा होईपर्यंत खाली बसला नाही.

भट्टी पेटवली तेव्हा तो बंद दाराआडून ओरडला, "आच हळू चढव! आणि गार होईस्तोवर उघडू नको!"

"नाही उघडत."

"लहानपणी पाव फुगायच्या आधी दहादा बघायचीस तू. मला माहितेय तुझा स्वभाव."

मेळाव्याच्या सकाळी वेलिनने अंगणातच सायलेन्सर बसवले आणि किक मारली. गाडी फटफटायला लागली. थोड्याच वेळात सायलेन्सरच्या अंगातून निळसर धूर निघू लागला. वेलिनचा चेहरा उतरला.

"उस्ताद, जळतंय हे!"

"जळत नाही. रंग मुरतोय," पेन्को म्हणाला. त्या दिवशी त्याने दाढी केली होती. "पहिल्यांदा धूर येणारच. थांब जरा."

धूर विरळ होत होत थांबला. वेलिन वाकून बघत राहिला, मग सरळ होत म्हणाला, "अगदी तुमच्या हातचं वाटतंय."

"माझ्या हातचं नाही. या वळणावर माझा रंग नेहमी जाड व्हायचा. हिचा बघ."

नेवेनाने ते ऐकलं आणि चुलीवर दूध आहे म्हणत ती आत गेली. चुलीवर काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पेन्कोने नेवेनाला आपली खुर्ची उचलून फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून ठेवायला लावली. त्याच दुपारी एक परका माणूस आला. खांद्यावर लांबलचक गंजका सायलेन्सर, कपाळावर घाम. आतून स्प्रे गनचा फुस्स फुस्स आवाज येत होता.

"सायलेन्सर रंगवणारे उस्ताद तुम्हीच ना?"

पेन्को त्या सायलेन्सरकडे बघत राहिला. त्याचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला, आणि परत खाली आला.

"आत विचारा," तो म्हणाला. "मी नुसता बसलोय इथे."

आणि त्या माणसाला ओझ्यासकट जाता यावं म्हणून त्याने आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.