मी नवाकोरा नव्हतो

मी नवाकोरा आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. मी एक लॅपटॉप बोलतोय. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बोटं लावून बघावं म्हणून दुकानातल्या टेबलावर सात महिने उघडा पडलेला.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते टेबल. माझ्या डावीकडे टॅब होता, नुसती काच, पण तोरा केवढा. उजवीकडे एक जाडजूड लॅपटॉप. त्याचा पंखा सुरू झाला की जुना मिक्सर बरा. पलीकडे दुहेरी यंत्र होतं. पडदा काढला की टॅब, लावला की लॅपटॉप. असल्या दोन डगरींवर हात ठेवणाऱ्यांचा मला पहिल्यापासून संशय.

माणसांचा तर त्याहून जास्त. चांगली मोठी माणसं, कोणी बघत नाहीसं पाहून, माझ्या कॅमेऱ्यात केस सारखे करत, फोटो काढत. दुकानदार ते दर शनिवारी पुसून टाकी.

एके दिवशी एक बाई आली. डाव्या खांद्यावर सहा महिन्यांची मुलगी झोपलेली आणि मागे कंटाळलेला दीर. तिनं मेमरी किती, रंग कोणते, काही विचारलं नाही. उभ्या उभ्या उजव्या हातानं टाइप करू लागली. प्रत्येक यंत्रावर तेच वाक्य: ‘रुग्णास तीन दिवसांपासून ताप आहे.’

“एका हातानंच का, ताई?” दुकानदारानं विचारलं.

“दुसऱ्या हातात काय आहे ते दिसतंय ना? खाली ठेवली की उठते.”

डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकून टाइप करायचं तिचं काम बाळंतपणात सुटलं होतं. आता कंपनी घरून काम द्यायला तयार होती, पण चाचणी घेऊन. चाचणीत नापास झाली, तर जागा दुसऱ्या कोणाला.

टॅबच्या काचेवर बोटांना अक्षरं सापडेनात. वर मुलीची लाळ पडली आणि त्यानं आपल्या मनानं तीन वेळा ‘ण’ काढला. दुहेरीचा पडदा तिनं एकदा काढून पाहिला आणि म्हणाली, “हे सुटतं, हे हिला महिन्याभरात कळेल.” जाडजुडाचा पंखा घरघरला तशी मुलीच्या कपाळावर आठी आली. माझ्यावर टाइप करताना मात्र मुलगी हललीसुद्धा नाही.

तरी बाईचा विश्वास बसेना. मला उलटा केला, बिजागरी हलवली, चक्क वास घेतला. कॅमेऱ्यात डोकावली तेव्हा भलतंच बटण दाबलं गेलं.

“वहिनी, तुम्ही लॅपटॉप बघताय की सून?”

“तुमच्या आईंनी मला बघायला याहून जास्त वेळ घेतला होता, भावजी.”

त्यानंतर ती आणखी दोनदा आली. शेवटी, चाचणीच्या आदल्या शनिवारी म्हणाली, “हाच द्या. पण हा टेबलावरचा नको, खोक्यातला.”

“नवाकोरा देतो, ताई.”

दुकानदारानं मला आत नेलं, पुसलं, खोक्यात घातलं आणि वर चिकटपट्टी मारली. मी गप्प बसलो. फोटोही त्यानं पुसले, फक्त एक राहिला. राहिला की मी ठेवला, ते विचारू नका.

रविवारी घरी माझे आतले कप्पे तपासताना तो तिला सापडला. मागे दुकानाचे दिवे, समोर ती स्वतः. खोक्यातल्या नव्या यंत्रात हा फोटो असणं शक्यच नव्हतं.

“खोक्यातून बाहेर काढल्याबरोबर मला वाटलं होतं, बटणं फार मऊ आहेत म्हणून,” ती दिराला म्हणाली. मग हळूच, “पण मला काय, सारखंच काहीतरी वाटत असतं. म्हणून या वेळी मी स्वतःला गप्प केलं.”

दुकान बंद होतं आणि चाचणी सोमवारी सकाळी दहाला. तिनं ती माझ्यावरच दिली. दोन तास, एका हातानं. मी वापरलेला आहे हे मला तर ठाऊक होतं. मध्येच दगा दिला असता, तर तिची जागा गेली असती. नाही दिला.

मंगळवारी पास झाल्याचं कळलं आणि ती मला घेऊन दुकानात गेली. फोटो उघडून दुकानदारासमोर ठेवला.

“ताई, गडबडीत झालं हो...”

“गडबडीत चिकटपट्टी मात्र सरळ लावलीत.”

त्यानं खराखुऱ्या नव्याचं खोकं फोडलं. तिनं तेच वाक्य टाइप केलं. कडक बटणं टकटकली आणि मुलीनं मान वर केली. माझी बटणं शेकडो परक्या बोटांनी मऊ करून ठेवली होती. तिनं पुन्हा माझ्यावर टाइप केलं. मुलीची मान परत खांद्यावर टेकली.

तिनं मलाच घरी आणलं. पण आधी बिलावर ‘टेबलावर वापरलेला’ असं त्याच्याच हातानं लिहून घेतलं. आणि घरी आल्यावर, मुलीला लस टोचल्यावर लावतात तसली छोटी पट्टी माझ्या कॅमेऱ्यावर चिकटवली.

आता मला दिसत काही नाही. ऐकू येतात एका हाताची बोटं आणि मुलीचा श्वास. माझी तक्रार नाही, पट्टी राहू द्या. तुम्ही माझ्यासारखं काही घ्यायला जाल, तेव्हा घरी जसं काम करता तसंच दुकानात करून बघा. हसणारे हसू देत. आणि मनात काही खुपलं, तर स्वतःला गप्प करू नका.

तो फोटो तिनं अजून पुसलेला नाही. संशयानं डोळे बारीक केलेली एक बाई, आणि तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून झोपलेली मुलगी.