खिडकीतून गेलेला प्रिंटर

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एकदा खाली गेलो आहे.

जन्मतःच कारखान्यात माझ्या अंगात अकरा स्क्रू पिळले गेले. वाटलं, वाईट ते एवढंच. मग २००४ साली इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या दुकानात पद्माकर आला. तीन शनिवार तो आमची झाकणं आपटून पाहत होता.

"टिकाऊ हवा आणि परवडायला हवा," तो बायकोला, मंजिरीला म्हणाला. "याची शाई घरी भरता येते. सुईने."

या एका गुणावर माझी निवड झाली. पुढे दर महिन्याला माझ्या पोटात सुई खुपसली गेली. मी तक्रार केली नाही. पद्माकर पाहुण्यांना मला दाखवून "गुणी आहे" म्हणायचा.

दसऱ्याला त्याने हत्यारांची पूजा मांडली. स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप आणि मी. मला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि भक्तीच्या भरात मूठभर अक्षता थेट माझ्या कागदाच्या फटीत टाकल्या.

त्याच दुपारी मंजिरीला कार्डिफच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीचा अर्ज छापायचा होता. कोपऱ्यावरच्या टपालपेटीतली पत्रं साडेपाचला उचलत. ती वेळ चुकली की नोकरी गेली. मी पहिला कागद ओढला, चावला आणि चिंध्या करून थुंकून दिला.

पद्माकरने थप्पड मारली. मग बुक्की. मग लाटणं आणलं. माझं झाकण फुटलं.

"मारून काय होणारे?" मंजिरी म्हणाली.

"आमचा टीव्ही असाच चालायचा."

"पाच वाजले, पद्माकर. दोन वर्षं घरी बसलेय मी."

"अजून एकदाच मारतो."

"तू बाजूला हो."

तिने मला उचललं, वायरी उपटल्या, खिडकी उघडली आणि सोडून दिलं. मी हिरवळीवर तोंडावर आपटलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून पाहिलं.

"ऑल राइट?" त्या म्हणाल्या.

"येस, थँक यू," वरून मंजिरी म्हणाली. "प्रिंटर."

माझ्या तोंडातून सगळे तांदूळ बाहेर पडले होते. पद्माकरने मला वर आणून वायरी जोडल्या. मी चार पानं सरळ छापली. मंजिरी अनवाणी पेटीकडे धावली.

तिला नोकरी लागली. पद्माकरने मात्र तांदूळ पाहिलेच नव्हते. "पाडला की चालतो," असं सांगून त्याने मित्राला, साकेतला, माझ्याच जातीचा प्रिंटर घ्यायला लावला. साकेतने तो दुसऱ्या मजल्यावरून पाडला. त्या भावाचे फक्त स्क्रू सापडले. अकराच्या अकरा.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण अक्षता टेबलावर वाहा. कागद अडकला तर आधी आम्हाला हलकेच उलटं करा. आमच्यावरही कुणाची तरी नोकरी अवलंबून असते.

आता आम्ही कार्डिफला राहतो. आज दसरा आहे. अक्षता पडल्या, कागद अडकला. पद्माकर खिडकी उघडून खाली कुणी नाही ना, ते बघतोय. तेवढी काळजी तो घेतो.