डाव्या हाताची गाठ

छत्र्या शिवणाऱ्या बाईला बोथट कात्री चालत नाही. कापड गुळगुळीत आणि दोरा चिवट. धार गेली की दोरा कापला जात नाही, चावला जातो, आणि त्याची कुसं बाहेर येतात. म्हणून दर बुधवारी दुपारी, न्हावीदादाचं दुकान बंद असायचं तेव्हा, या बायका कात्र्या घेऊन मागच्या दाराने आत यायच्या. न्हावीदादाची बायको, तिला सगळ्या वहिनी म्हणत, ती स्वतः छत्र्या शिवायची. फार वर्षांपूर्वी न्हावीदादाने तिच्या कात्रीला धार लावून दिली, मग शेजारणीच्या, मग शेजारणीच्या जावेच्या. तेरा कात्र्यांना धार लावायची म्हणजे दुपार जाते. बायका तोवर खुर्च्यांवर, बाकावर, जमिनीवर बसून राहायच्या. आणि तेरा बायका बसल्या म्हणजे गप्प थोड्याच बसणार आहेत.

दुकानात समोरासमोर दोन मोठे आरसे होते. त्यांच्यामुळे तेरा बायकांची पलटण दिसायची, एकीमागे एक, पार लांबवर. डावरी मावशीला ते फार आवडायचं. लग्न होऊन या वस्तीत आली तेव्हापासून ती या आरशांसमोर बसत आली होती. केस काळे होते तेव्हापासून. बाळंतिणीचा माल बाकीच्यांनी वाटून शिवायचा, म्हणजे कारखान्यातला तिचा नंबर जात नाही, हे इथेच ठरलं होतं. कारखान्याच्या जुन्या मुकादमाच्या घरची धुणी यापुढे कोणी फुकट धुवायची नाहीत, हेही इथेच ठरलं. त्या वेळी मुकादम म्हणाला होता की बघून घेईन. मग त्याची बायको स्वतःचे कपडे स्वतः धुताना सगळ्यांनी बघून घेतलं.

पण त्या बुधवारी डावरी मावशी आरशाकडे पाठ करून बसली होती.

कारण असं होतं. बायका घरी छत्र्या शिवत. कारखान्यातून आठ काड्यांचा सांगाडा आणि कापलेलं कापड मिळायचं. कापड जोडायचं, प्रत्येक काडीला टाके घालून गाठ मारायची, आणि सोमवारी सकाळी मुठीला आपल्या नंबरची चिठ्ठी बांधून माल जमा करायचा. गल्ल्यावर तपासनीस बसायचा. त्याच्या डोळ्याला सतत भिंग लावलेलं, म्हणून बायकांनी त्याचं नावच भिंग ठेवलं होतं. त्याला एखादी छत्री पसंत पडली नाही की तो तिच्या कापडावर खडूने फुली मारून ती मागच्या खोलीत फेकायचा. फुलीच्या छत्रीची मजुरी नाही. आणि एका वर्षात बारा फुल्या झाल्या की बाईचं काम बंद.

डावरी मावशीच्या अकरा झाल्या होत्या.

आणि तिला ते पटलं होतं, हीच खरी वाईट गोष्ट होती. भिंग दर वेळी म्हणायचा, मावशी, गाठ सैल आहे, नजर गेली तुमची. आधी तिने ते मनावर घेतलं नाही. मग घरी गाठी मोजून चाचपायला लागली. मग सुनेकडून सुई ओवून घ्यायला लागली, तीही सून पाठमोरी असताना मागायची, जणू काही चोरीच. आयुष्यभर डाव्या हाताने काम केलेलं. लहानपणी आई तिचा डावा हात पाठीशी बांधून ठेवायची आणि ही दातांनी गाठ सोडायची. तिची गाठ सगळ्यांच्या उलट फिरायची, डावीकडून, आणि बाकी कोणालाच ती जमत नसे. तिला वाटायचं की हात आहे तोवर आपण आहोत. आता हातानेच दगा दिला म्हटल्यावर कोणाकडे तक्रार करायची?

बाहेर पाऊस भुरभुरत होता. कोपऱ्यात एक नवी काळी छत्री उभी होती. काल केस कापून गेलेले शाळेचे मास्तर ती विसरून गेले होते. भोंग्याने ती उचलली. भोंगा म्हणजे त्या तेरा जणींतलीच एक. हळू बोलणं तिला देवाने दिलंच नव्हतं.

"बघू तरी, आपलं पोर सासरी कसं दिसतं," असं म्हणून तिने ती दुकानातच फटकन उघडली. वहिनी ओरडली की आरसा फोडशील. छत्री सगळ्यांच्या डोक्यावरून फिरली आणि डावरी मावशीच्या पुढ्यात आली. मावशीने सवयीने हात वर केला. आजवर तिने उघडी छत्री बघितली आणि काडीवरून बोट फिरवलं नाही, असं झालं नव्हतं.

बोट तिसऱ्या गाठीवर थांबलं. मग चौथ्या. मग ती उठून उभी राहिली.

"ही माझी आहे," ती म्हणाली.

भोंगा म्हणाली की मावशी, मास्तरांची आहे, तुम्हांला हवी तर दुसरी शिवा. पण मावशीने छत्री उजेडाकडे धरली आणि काठाची शिवण नखाने फाकवली. शिवणीत पांढरी पूड अडकली होती. खडू. फुली कोणीतरी ओल्या फडक्याने पुसली होती, पण शिवणीतली पुसायला त्याला वेळ मिळाला नव्हता. मुठीवर बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानाचं लेबल तसंच लोंबत होतं.

तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली. डोक्यावर रुमाल टाकून मास्तरच आले होते. तेरा बायका आपल्या छत्रीभोवती उभ्या बघून ते दारातच थबकले. न्हावीदादाने त्यांना विचारलं की छत्री कशी काय आहे. मास्तर म्हणाले की आठवड्यापूर्वी घेतली, पूर्ण किंमत मोजून. परवाच्या वाऱ्यात पार उलटी झाली होती.

"सरळ केली, पुन्हा तशीच. एक टाका उसवला नाही. कोणी शिवलीय त्याचे हात बघायला पाहिजेत."

 डावरी मावशीने खाली आपल्या हातांकडे बघितलं, मग ते पाठीमागे घेतले. मास्तर छत्री घेऊन गेले. दार लागलं आणि मग मावशी खुर्चीत बसली, आरशाकडे तोंड करून. बराच वेळ ती स्वतःकडे बघत राहिली.

त्यानंतर जी काही बोलाचाली झाली ती सगळी सांगत बसले तर रात्र होईल. एकीने आपल्या सात फुल्या सांगितल्या, दुसरीने नऊ. जी भांडत नाही तिलाच फुल्या, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. भोंग्याला आजवर एकही नव्हती. कोणी म्हणालं की मालकांकडे जाऊ. वहिनी म्हणाली की मागच्या खोलीची किल्ली मालकांकडेच असते, त्यांना काय सांगणार. सगळ्यांत जास्त विरोध केला तो मावशीच्या सुनेने. ती मुळातच कमी बोलणारी. ती म्हणाली की आमच्या घरात दोघी एकाच ठिकाणी कामाला. उद्या दोघींना घालवलं तर चूल तुमच्या आरशात पेटवायची का? तिचं खोटं नव्हतं. 

न्हावीदादाने शेवटची कात्री पुसून बाकावर ठेवली. तिच्याकडे बघत मावशी म्हणाली, "फुली मारायला आपली हरकत नाही."

भोंगा तोंड उघडून बघत राहिली.

"मारू दे फुली. पण छत्री खराब असेल तर तिथेच कापा. जिने शिवलीय तिच्या समोर. कापवत नसेल, तर ती चांगली आहे."

इतकंच ठरलं. सोमवारी सगळ्यांनी कात्री घेऊन जायची.

रविवारी संध्याकाळी सासू-सुनेने माल बांधला. चिठ्ठ्या सूनच बांधायची. मावशीने गेल्या काही महिन्यांत आकडे वाचायचा नाद सोडला होता. सून एक शब्द बोलली नाही. मावशीला वाटलं, रागावलीय पोरगी, आणि रागवावंच तिने.

सोमवारी गल्ल्यावर नेहमीसारखी रांग लागली. पलीकडे मोठ्या दुकानाचे दोन हमाल माल न्यायला उभे होते. सून पुढे होती, मावशी तिच्या मागे. भिंगाने सुनेच्या छत्र्या एकेक उघडून बघितल्या आणि सगळ्या पास केल्या. मग मावशीचा नंबर आला. पहिल्या दोन सरकल्या. तिसरी त्याने डोळ्यावरच्या भिंगाजवळ धरली, सुस्कारा टाकला आणि खडू उचलला. काळ्या कापडावर फुली उमटली, ठसठशीत.

"बारावी, मावशी. मी तरी काय करणार? गाठ बघा ना, कशी सैल. आता घरी बसा, नातवंडं खेळवा."

मावशीने हात पुढे केला आणि गाठ चाचपली.  गाठ घट्ट होती. पण ती उजवीकडून मारलेली होती. तिने दुसरी काडी चाचपली. तीही उजवी. ही छत्री तिची नव्हतीच.

तिने सुनेकडे बघितलं. सून तिच्याकडे बघत नव्हती. ती भिंगाकडे बघत होती.

"ही मी शिवलीय," सून म्हणाली. "पहिल्या टाक्यापासून. आईंचा हातही लागलेला नाही हिला. आणि मघाशी माझ्या म्हणून पास केल्यात ना, त्या सगळ्या आईंच्या आहेत. चिठ्ठ्या मी बदलल्या."

भिंगाच्या डोळ्यावरचं भिंग निसटलं आणि गल्ल्यावर घरंगळत गेलं. मग तो तावातावाने बोलायला लागला. नंबर बदलणं म्हणजे फसवणूक, दोघींचंही काम आजपासून बंद, आणि मागे ज्या हसतायत त्यांचंही. खरं तर कोणी हसत नव्हतं. मावशीने ते सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून कात्री काढून गल्ल्यावर ठेवली, फुलीच्या शेजारी.

"आधी ही कापा," ती म्हणाली. "मग जातो आम्ही."

भोंग्याने आपली कात्री ठेवली. वहिनीने ठेवली. सुनेने ठेवली. गल्ला लोखंडी पत्र्याचा होता. तेरा कात्र्यांचा तेरा वेळा आवाज झाला. आवाज ऐकून धाकटे मालक आतून बाहेर आले. कारखाना वडिलांनी काढलेला, हे नुसते बसायला आलेले. त्यांनी विचारलं की काय गोंधळ आहे. भिंग म्हणाला, काही नाही, एक नापास छत्री आहे, मागे टाकतो. मावशी म्हणाली की मागे टाकू नका, इथेच कापा. मालक हसले. बाई, कशाला चांगला माल, असं त्यांच्या तोंडून निघालं आणि तिथेच अडकलं. मग म्हणाले की आत्ता घाई आहे, बाजूला ठेवा, नंतर बघू.

"तुम्हांला जमत नसेल तर मी कापते," मावशी म्हणाली. तिने डाव्या हातात कात्री धरली, छत्री पुरी उघडली आणि पातं कापडाच्या काठाला लावलं. हमाल पुढे सरकून बघायला लागले.  आपण खरंच कापू की नाही, हे मावशीला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पण सुनेच्या हातची इतकी सुरेख छत्री आपल्या पात्याखाली आहे, हे मात्र तिला लख्ख दिसत होतं. एकेक टाका दिसत होता.

पहिलं सूत कापलं गेलं तसे मालक म्हणाले, "थांबा. चांगली आहे छत्री."

"मोठ्यानं बोला, मालक," भोंगा म्हणाली. "मागे ऐकू गेलं नाही."

मालकांना पुन्हा बोलावं लागलं. मग सुनेने आपल्या बाहीने फुली पुसली, सावकाश, शिवणीतला खडूसुद्धा नखाने काढून.

मग मागच्या खोलीत गेलेल्या छत्र्यांच्या मजुरीचं काय, हे वहिनीने विचारलं. ते त्या दिवशी मिटलं नाही. त्यासाठी पुढे आणखी पाच बुधवार लागले, आणि मधला एक आठवडा तेराही जणींचे सांगाडे रिकामे पडून राहिले. एकीनेही सुईत दोरा ओवला नाही. पण कोणाचंही काम बंद झालं नाही. आणि त्या सोमवारपासून गल्ल्यामागच्या भिंतीला खिळा ठोकून एक कात्री टांगली गेली. न्हावीदादा दर बुधवारी तीही दुकानात घेऊन येई आणि तिला सगळ्यांत आधी धार लावी. भिंगाचा खडू मात्र पुष्कळ दिवस पुरला.

घरी जाताना मावशीने सुनेला विचारलं की मला आधी का नाही सांगितलंस. सून म्हणाली, "तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही मला करू दिलं नसतं." आणि थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "शिवाय तुमची गाठ घट्टच आहे, हे मला रोज दिसत होतं. मी सुई ओवून देत होते तेव्हाच बोलायला पाहिजे होतं." मावशीने तिच्या हातातली पिशवी घेतली. दुसरं काय देणार.

थंडीच्या दिवसांत एका सोमवारी मावशी माल जमा करत होती. चौथी छत्री भिंगापुढे सरकवता सरकवता तिने मागे ओढली. एका काडीजवळ कापड तिरपं ताणलं गेलं होतं, गव्हाच्या दाण्याएवढं. भिंगाला ते दिसलंही नसतं. तो म्हणाला, राहू द्या हो मावशी, चालतंय. मावशीने खिळ्यावरची कात्री काढली आणि काठापासून टोकापर्यंत छत्री सरळ कापली. दोन फाकी गल्ल्यावर ठेवल्या.

"चालत नाही," ती म्हणाली, आणि पुढची छत्री उघडली.