बोटभर लांबचा चेंडू

"तुम्ही दोघं वेगळे होणार आहात का?"

हा प्रश्न मी मैत्रिणींच्या पैजेवर विचारला. वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून त्या मला तोफ म्हणतात, आणि ही तोफ घरातच कशी फुसकी ठरते, म्हणून चिडवतात. मग काय, विचारला. तोही गोल्फच्या पहिल्याच होलपाशी, बाबा चेंडू मारायला काठी मागे नेत असताना. चेंडू तिरका सुटला आणि थेट उंच गवतात गेला.

"आधी खेळून घेऊ," आई म्हणाली.

ती 'नाही' म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी तरी कुठली हार मानतेय. इथं यायचा हट्ट माझाच होता. या दोघांची ओळख याच गोल्फच्या मैदानावर झाली, आणि माझा बेत साधा होता: इथला वारा लागला की दोघं पूर्वीसारखे भांडतील, आणि भांडले की सगळं ताळ्यावर येईल.

मैदान म्हणजे वाळूची टेकाडं, त्यांवर खरखरीत गवत, सावलीला औषधालाही झाड नाही. मधे मधे पुरुषभर खोल वाळूचे खड्डे. पलीकडे समुद्र आहे, तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. वारा असा, की चांगला मारलेला चेंडूसुद्धा विचार बदलतो.

या खेळात एक सवलत असते. समोरच्याचा चेंडू भोकाच्या अगदी तोंडाशी आला, की आपण 'दिला' म्हणायचं. मग त्यानं तो मारायचा नाही, आत गेलाच असं धरून उचलायचा. सगळे देतात. आमचे बाबा जन्मात देत नसत. चेंडू वीतभर राहो नाहीतर बोटभर, आईला मारायलाच लावत. पोटात गेल्याशिवाय जेवण झालं म्हणत नाहीत, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर आई मला सांगायची, की हा माणूस यमाशीसुद्धा शेवटच्या श्वासावरून वाद घालेल. मग तीही त्यांना बोटभर सोडायची नाही. मागची माणसं खोळंबायची, खोकायची. मला लाज वाटायची आणि मजाही यायची.

पहिल्या होलभोवतीच्या हिरवळीवर आईचा चेंडू हातभर लांब थांबला. मी गालातल्या गालात हसत बाबांकडे पाहिलं.

"दिला," बाबा म्हणाले. "उचल."

आई वाकली, चेंडू उचलला आणि थँक्यू म्हणाली. आमच्या घरात थँक्यू फक्त पाहुण्यांना म्हणतात.

पुढच्या हिरवळीवर तिनं बाबांना दिला. त्याच्या पुढच्यावर बाबांनी तिला, तोही चांगला काठीभर लांबचा. मी म्हटलं, मारायला लावा ना तिला, नक्की चुकेल. बाबा म्हणाले, कशाला, दमली असेल. होलमागून होल भराभर संपत होते. मागे कुणीच खोळंबलं नव्हतं.

बाबा चष्मे बनवतात. अवघड बोलायचं झालं, की समोरच्याच्या चष्म्याची काडी सरळ करत बसतात. टेकाड चढताना त्यांनी माझा चष्मा मागितला, तेव्हाच मी काय ते ओळखलं. काडी वाकवत ते म्हणाले, की हो, ठरलंय. आई नव्या नोकरीच्या गावी राहील, घर त्यांच्याकडे असेल, आणि मी आईबरोबर गेले तरी त्यांची काहीच हरकत नाही. पुढच्या उतारावर आईनं मला गाठून अगदी तेच सांगितलं, फक्त उलटं. मी बाबांजवळ राहिले तर ती समजून घेईल म्हणे.

किती समजूतदार! मी खांद्यावरची काठ्यांची बॅग खाली टाकली. दोघांनीही मला देऊन टाकलं होतं, बोटभर लांबच्या चेंडूसारखं. माझ्यासाठी तरी कुणी हटून बसायचं होतं.

शेवटच्या होलला आईचा चेंडू खोल खड्ड्यात पडला. ती उतरली आणि मारत सुटली. चेंडू भिंतीला लागून पायाशी यायचा, वाळू तिच्याच तोंडावर. वरून बाबा म्हणाले, राहू दे, हा होल तुझा, दिला. तिनं ऐकलं नाही. ती मारतच राहिली. मग मला ते बघवेना आणि मी आत उडी मारली.

तिचे केस वाळूनं भरले होते. मी विचारलं, की बाबा भांडत का नाहीत तुझ्याशी?

"त्याला आता जिंकायचं नाही गं," आई हातमोज्यानं गाल पुसत म्हणाली. "आणि मलाही."

मला रडू फुटलं. मोठ्यांदा, अगदी पहिलीतल्या पोरीसारखं. आई म्हणाली, की तू वर जा बाबांजवळ, इथं डोळ्यांत वाळू जाईल. पण हे म्हणताना माझी बाही तिच्या मुठीत होती, आणि ती तिनं सोडली नाही.

बाबांनी वरून हात दिला. आधी मला ओढून घेतलं, मग तिला. त्या दोघांचे हात लगेच सुटले. शर्ट नीट खोचलेला, डोळे लाल, असे ते उभे होते, आणि मला त्यांना जाऊन बिलगावंसं वाटत होतं. बिलगले असते तर तोंडातून शब्द फुटला नसता.

"मी आईबरोबर जाणार आहे," मी दोघांना सांगितलं. स्पर्धेतला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आणि बाबा, तुम्ही लगेच बरं म्हणू नका."